रजेवरची जीभ

पाणीपुरवठा खात्यात पाणी चाखायला माणसं ठेवतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ठेवतात. जिभल्या त्यांतलाच एक. खरं नाव वेगळं होतं, पण शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्याला जिभल्याच म्हणत आणि त्याला ते मनातून आवडायचं. रोज सकाळी शहराला पाणी सोडायच्या आधी चवखोलीत प्रत्येकापुढे तीन ग्लास ठेवले जायचे. दोन ग्लासांत एकच पाणी, तिसऱ्यात वेगळं. वेगळं कोणतं ते ओळखायचं आणि त्यात काय आहे ते सांगायचं: मातकट, गंजकट, शेवाळी, औषधी. यंत्राला जे उद्या कळतं ते चांगल्या जिभेला आज कळतं, एवढाच काय तो मामला.

या नोकरीची शिक्षा घरच्यांनाही भोगावी लागते. जिभल्याच्या घरात लसूण फक्त सुट्टीच्या दिवशी शिजायचा. बायको अत्तर लावत नसे. मुलगी म्हणायची, ‘आपल्याकडे रोज आजाऱ्याचा स्वयंपाक असतो.’ आणि गंमत अशी, की ज्याच्यासाठी सगळं घर अळणी जेवायचं तो मुळात पक्का खादाड होता. जिभेचे चोचले पुरवायला जन्मलेल्या माणसाने जिभेवरच पोट भरायचं, असला हा न्याय.

चवखोली बाईंची. म्हणजे कागदावर खात्याची, पण ती उभी केली बाईंनी. माणसांना चाखायला शिकवलं त्यांनीच, नियमही त्यांचेच. त्यांतला सगळ्यात मोठा नियम साधा होता. ग्लास मांडायच्या आधी बाई सगळ्यांकडे पाठ करून विचारायच्या, “आज कोणाची जीभ रजेवर?” सर्दी झालेली असो, रात्री लग्नाचं जेवण झालेलं असो, घरी भांडण होऊन तोंड कडू झालेलं असो, ज्याची जीभ रजेवर त्याने ‘माझी’ म्हणायचं आणि बाजूला बसायचं. का, कशी, काय खाल्लंस, हे कोणी विचारायचं नाही. आणि दुसऱ्याच्या जिभेबद्दल कोणी बोलायचं नाही. “ज्याचं त्यानेच सांगायचं,” बाई म्हणायच्या. “एकमेकांची तोंडं हुंगायला लागलो की ही खोली संपली.”

खोली संपायची वेळ आता तशीही आली होती. नव्या साहेबांना तिथे नवीन यंत्र बसवायचं होतं. बाई त्याच वर्षी निवृत्त होणार होत्या, म्हणजे साहेबांचं काम आयतंच होणार होतं. तेवढ्यात परगावी पाणीवाल्यांची मोठी परिषद निघाली. बाईंनी खटपट करून तिथे एक प्रयोग मागून घेतला. भर सभेत तीन ग्लास मांडायचे आणि आपल्या माणसाने वेगळा ओळखून दाखवायचा. साहेब म्हणाले, “दाखवा तर. डोळ्यांनी बघतो आणि मग खोलीचं ठरवतो.” चाखणारा अर्थातच जिभल्या. आणि राखीव म्हणून वहिनी.

वहिनी म्हणजे नात्याने कोणाच्याच वहिनी नव्हेत, पण खात्यात सगळ्यांच्या. जिभल्याला त्या भाऊजी म्हणायच्या. आपलं शहर सोडून त्या कधी कुठे गेल्या नव्हत्या. विमानात त्यांनी खिडकीला नाक लावलं ते उतरेपर्यंत काढलं नाही. त्यांच्या मुलीने त्यांना बजावून सांगितलं होतं, की जे जे बघशील त्याचे फोटो काढून आण, मला सगळं शहर बघायचंय.

दुपारी ते हॉटेलात पोचले. प्रयोग दुसऱ्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी परतीचं विमान. म्हणजे शहर बघायला मिळणार होती ती हीच एक संध्याकाळ. बाई खोलीत बाटल्या तपासत बसल्या. वहिनी खाली दिवाणखान्यात चपला घालून, पर्स घेऊन तयार बसलेल्या.

“वहिनी, तुम्ही कुठे?” जिभल्याने विचारलं.

“जरा नदीपर्यंत जाऊन येऊ म्हटलं. पूल चांगला आहे म्हणतात.”

जिभल्या गंभीर झाला. “मी काय म्हणतो, दोघांनीही बाहेर पडणं बरं नाही. धूर असतो, वास असतात. उद्या काही झालं तर राखीव जीभ तरी शाबूत हवी की नको?”

“अहो, पण चाखायचं तर तुम्हाला आहे. मग तुम्ही थांबा ना.”

“मी नुसता पाय मोकळे करणार. तुमच्या लेकीसाठी फोटो काढून आणतो, झालं?”

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, मग चपला काढल्या आणि हातात घेऊन वर गेल्या. त्यांना चपला हातात घेऊन जिना चढताना त्याने पाहिलं होतं. पुढे सगळं झाल्यावर त्याला सगळ्यात आधी आठवल्या त्या चपलाच.

शहर मात्र खरंच देखणं होतं, खोटं कशाला बोला. नदी संथ होती आणि पुलाच्या दगडी कठड्यांवर माणसं पाय सोडून बसली होती. पलीकडे घड्याळाचा जुना मनोरा होता आणि त्याच्या पायऱ्यांवर एक म्हातारा कबुतरांना दाणे टाकत, त्यातलेच चार स्वतःही खात होता. जिभल्याने पुलाचा फोटो काढला, मनोऱ्याचा काढला, म्हाताऱ्याचा काढला. नोकरी लागल्यापासून तो असा एकटा, बिनकामाचा कधी फिरला नव्हता. त्याला शीळ घालावीशी वाटली आणि त्याने घातलीही.

मनोऱ्यामागे बाजाराची गल्ली होती. तिचा वास आधी आला आणि गल्ली नंतर दिसली. निखाऱ्यांवर मांस भाजलं जात होतं, चरबी ठिबकून धूर उठत होता. मोठ्या परातीत कच्चा लसूण तेलात घोटून पांढराशुभ्र लगदा केलेला होता आणि शेजारच्या भांड्यात मिरचीचं लालभडक तेल. जिभल्याच्या तोंडाला असं पाणी सुटलं की त्याने आवंढा गिळला. ‘नुसतं बघायचं,’ त्याने स्वतःला सांगितलं. मग ‘नुसता वास घ्यायचा.’ मग ‘एक घास, बाकी टाकून द्यायचं.’ माणूस स्वतःशी घासाघीस करायला लागला की सौदा ठरलेलाच असतो.

एक घास झाला, एक रोटी झाली, दुसरी झाली. लसणाचा लगदा तो बोटाने चाटत होता. मिरचीने डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. दुकानदारीण त्याची भाषा न कळूनही त्याला हसली आणि तिने आणखी एक तुकडा वाढला, निखाऱ्यांवरून थेट, धगधगता. तो त्याने फुंकर न घालता तोंडात टाकला. टाळू भाजली. भाजलेल्या टाळूवर त्याने आणखी लसूण चोपडला. इतकं सुख त्याला फार दिवसांत झालं नव्हतं आणि त्या सुखात बाई, वहिनी, खोली, साहेब यांतलं कोणीही त्याला आठवलं नाही. हेच त्याला पुढे सगळ्यात जास्त लागलं. मोह झाला, मन खात राहिलं, तरी खाल्लं, असं असतं तर निदान काही तरी. मनाने काहीच खाल्लं नव्हतं. त्याने एकट्यानेच खाल्लं होतं.

सकाळी जागा झाला तेव्हा जीभ गोणपाटासारखी झाली होती. त्याने पाण्याचा घोट घेतला. लसूण. दात घासले, पुन्हा घासले, जीभ खरवडली, लवंग चावली, पुदिना चावला. पुन्हा पाणी प्यायला. पुदिन्यातला लसूण.  खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे तर खाल्लेल्याला कसलीच चव कळेना.

न्याहारीला तो खाली गेला तो तोंड मिटूनच. वहिनींपुढे बिनमिठाचा मऊ भात आणि कोमट पाणी होतं. त्याने मोबाइलवरचे फोटो त्यांच्यापुढे धरले. “हा पूल, हा मनोरा.” वहिनी जरा मागे सरकल्या आणि लांबूनच बघत म्हणाल्या, “छान आलेत हो.” बाई उठल्या आणि त्यांनी खिडकी उघडली.

जिभल्याला वाटलं, सुटलो. मांजर डोळे मिटून दूध पितं तशातलीच गत. हौदभर पाण्यात चिमूटभर माती ज्या दोन बायकांना कळते, त्यांच्यापासून हा पठ्ठ्या लसूण लपवत होता.

सभागृहाच्या मागच्या खोलीत बाईंनी ग्लास पुसून ट्रेमध्ये ठेवले. मग नेहमीप्रमाणे दोघांकडे पाठ केली.

“आज कोणाची जीभ रजेवर?”

वहिनींनी हात धुऊन पुसले होते आणि त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. जिभल्या मूग गिळून बसला. एक शब्द बोलायचा होता, ‘माझी’. कोणी काही विचारणार नव्हतं. पण बाहेर पहिल्या रांगेत साहेब बसले होते. बायकोने गल्लीभर सांगून ठेवलं होतं, की आमचे हे स्टेजवर जाणार. आणि ‘माझी’ म्हटलं की स्टेजवर वहिनी जाणार, ज्यांना आपण काल हॉटेलात बसवून ठेवलं. शिवाय तिन्हींतला एक तर ओळखायचा, नशिबाने येईलही. असा सगळा विचार करून त्याने खाली पाहिलं.

बाई पाठमोऱ्याच उभ्या होत्या. “कोणाची?” त्यांनी पुन्हा विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी दोनदा कधी विचारलं नव्हतं. हे जिभल्याच्या ध्यानात आलं, आणि तरी तो गप्प बसला.

सभागृह भरलेलं होतं. पडद्याआड बाईंनी पाणी ओतलं. वेगळ्या पाण्याच्या ग्लासाला तळाशी लाल ठिपका चिकटवला, तो वरून दिसत नव्हता. जिभल्याने पहिला ग्लास उचलला, वास घेतला, घोट तोंडात फिरवला आणि भांड्यात थुंकला. लसूण. दुसरा, लसूण. तिसरा, लसूण. त्याने बाईंकडे पाहिलं. बाई छताकडे बघत होत्या. चाखणाऱ्याला चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून त्या नेहमीच छताकडे बघत, पण आज त्याला वाटलं, की त्यांना त्याच्याकडे बघवत नाहीये.

“मधला,” तो म्हणाला. “मातकट.”

सूत्रसंचालकाने मधला ग्लास उचलून सगळ्यांना तळ दाखवला. काही नव्हतं. मग उजवीकडचा उचलला. तिथे लाल ठिपका होता.

सभेत कुजबुज झाली. यंत्रांच्या कंपनीचा माणूस साहेबांच्या शेजारीच होता, तो नम्रपणे स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. जिभल्याच्या कानशिलांतून धग निघाली. तेव्हा बाई पुढे आल्या.

“चूक माझी आहे,” त्या माईकमध्ये म्हणाल्या. “ओतताना माझ्याकडून अदलाबदल झाली. यांनी बरोबर सांगितलं, मातकट पाणी मधल्यातच गेलं होतं.”

“चालायचंच बाई,” साहेब पहिल्या रांगेतून हसत म्हणाले. “वय झालं की होतं असं.”

सगळी सभा हसली. वाईट हसली नाही, मायेने हसली, आणि ते जास्तच वाईट होतं. बाईंच्या हातून एक थेंब कधी इकडचा तिकडे झाला नव्हता. त्या ट्रे उचलून स्टेजवरून उतरल्या आणि जिभल्या त्यांच्यामागून उतरला. त्याने तेव्हाही तोंड उघडलं नाही. आता हे बाईंसाठीच, त्यांनी सांगितलेलं खोटं का पाडायचं, असं त्याने मनाला समजावलं. मन समजलं नाही.

जेवणाच्या दालनात या टोकापासून त्या टोकापर्यंत पदार्थ मांडले होते. जिभल्याने रिकामी ताटली घेतली आणि ती तशीच धरून तो बाईंच्या टेबलाशी आला. वहिनींपुढे पुन्हा तोच पांढरा भात होता.

“वहिनी, आता काय? संपलं की सगळं. घ्या ना काहीतरी चांगलं.”

वहिनींनी चमचा खाली ठेवला. “बाईंनी अजून सुट्टी दिली नाही.”

जिभल्याने टेबलाखाली पाहिलं. बाईंच्या पायांशी बाटल्यांची पेटी होती, कुलूप न लावलेली. तेव्हा त्याच्या टाळक्यात प्रकाश पडला. या दोघी काही विचारणार नव्हत्या. टोमणाही मारणार नव्हत्या. नुसत्या वाट बघत बसल्या होत्या, एक उपाशी आणि दुसरी शेवटच्या वर्षात हसं करून घेतलेली. तो खुर्चीवर बसला. 

“बाई,” तो म्हणाला, “आज माझी जीभ रजेवर आहे.”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “सकाळपासून वाट बघतेय.”

“कळलं होतं तुम्हाला?”

“अरे, जिन्यात कळलं होतं. तू वर होतास तेव्हा.”

वहिनींनी मान खाली घातली, त्याच्याऐवजी. जिभल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग मला स्टेजवर जाऊ का दिलंत? थांबवायचं होतंत.”

“ज्याचं त्यानेच सांगायचं,” बाई म्हणाल्या. “आणि मला सांगून काय उपयोग आता? साहेब तिकडे बसलेत.”

साहेबांचं टेबल लांब नव्हतं. तरी तिथपर्यंत जाताना त्याला चालणं विसरल्यासारखं झालं. साहेब आणि कंपनीचा माणूस गोड खात होते.

“साहेब, बाईंची चूक नव्हती. त्यांनी ओतलं ते बरोबर होतं. मी काल बाजारात खाल्लं, लसूण, मिरची, सगळं. आज मला काहीच कळत नव्हतं. अंदाजाने ठोकून दिलं.”

साहेबांनी चमचा थांबवला. “म्हणजे यंत्रच बरं की. यंत्र बाजारात जेवायला जात नाही.”

कंपनीचा माणूस हसला. जिभल्याला हसायचं होतं, म्हणजे विषय संपला असता. “आमच्यात त्याला नियम आहे साहेब. जीभ ठीक नसेल तर सांगायचं. बाईंनी दोनदा विचारलं. मी सांगितलं नाही, लाजेपायी. पद्धत चुकली नाही, मी चुकलो. वहिनींनी कालपासून मिठाचा खडा तोंडात घातलेला नाही. त्यांना द्या. ग्लास तुम्ही स्वतः मांडा.”

साहेबांनी ताटली बाजूला सारली. मग रुमालाला हात पुसून उठले. बाईंनी पेटीतून बाटल्या काढून दिल्या आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. साहेबांनी वहिनींकडे पाठ करून, अर्धं टेबलावर सांडत, तीन ग्लास भरले. आजूबाजूला ताटल्यांचा खणखणाट चालू होता. वहिनींनी डोळे मिटले. एक, दोन, तीन. पहिल्याकडे त्या परत आल्या.

“डावीकडचा. मातकट, थोडंसंच आहे,” त्या म्हणाल्या. “आणि साहेब, या मधल्या ग्लासाला साबण राहिलाय.”

डावीकडचाच होता. साहेबांनी मधला ग्लास उजेडात धरला, हुंगला आणि खाली ठेवला. “बरं,” ते म्हणाले. “बघू. परत गेल्यावर बोलू.” पण ते कंपनीच्या माणसाकडे न बघता बोलले. बाईंनी पेटीला कुलूप लावलं, “सुट्टी,” म्हणाल्या आणि वहिनी ताटली घेऊन उठेपर्यंत पोऱ्यांनी पदार्थ आवरायला घेतले होते. त्यांच्या वाट्याला थोडी कोशिंबीर आली.

एवढं होऊन संपलं असतं तर बरं होतं. निघताना बॅगा घ्यायच्या रांगेत पुढे परिषदेचे दोन पाहुणे बोलत होते. “त्या ग्लास उलटसुलट करणाऱ्या बाई कोणत्या खात्याच्या होत्या हो?” जिभल्या पुढे घुसला. “त्यांनी काही उलटसुलट केलं नाही. मी लसूण खाऊन आलो होतो.” दोघांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. “वा,” एक जण म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं, “असे शिष्य मिळायला भाग्य लागतं.” तो कितीही सांगायला लागला तरी ते हसतच राहिले. सभेतली बाकीची माणसं तर केव्हाच पांगली होती आणि ती बाईंची गोष्ट आपापल्या गावी घेऊन चालली होती. तिथवर जिभल्याची जीभ पोचणार नव्हती.

विमानतळाच्या बसमध्ये बाई पुढे बसल्या. वहिनी खिडकीशी, जिभल्या त्यांच्या शेजारी, तोंड दुसरीकडे करून. बस नदीकाठाने निघाली.

“हाच ना तुमचा पूल?” वहिनींनी विचारलं.

“हो.”

“फोटोत लहान दिसतो.” मग थोड्या वेळाने, “भाऊजी, काल काय काय खाल्लंत?”

“जाऊ द्या ना, वहिनी. नका लाजवू.”

“लाजवत नाही हो. मला खरंच ऐकायचंय. घरी पोरगी विचारेल, तिथलं खाणं कसं होतं, तर काय सांगू, भात?” त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि म्हणूनच त्याला पळायला वाट उरली नाही. “बाई शिकवतात तसं सांगा. आधी वास, मग जिभेच्या शेंड्यावर काय लागतं, मग शेवटी काय उरतं.”

“घाई करू नकोस,” बाई मागे न वळता म्हणाल्या. “एकेक सांग.”

जिभल्याने सुरुवात केली. आधी कोळशाचा धूर, मग चरबीचा गोडसर वास. रोटी कडेला करपलेली, मधे मऊ. लसूण आधी नाकात जातो, मग जिभेच्या दोन्ही बाजूंना झोंबतो. मिरची लगेच लागत नाही, घास गिळल्यावर लागते. चोख सांगत होता, एवढं चोख त्याने पाण्याबद्दलही कधी सांगितलं नव्हतं. प्रत्येक शब्दागणिक त्याची मान खाली जात होती. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या आणि मधूनच आवंढा गिळत होत्या.

बस मनोऱ्याशी वळली. खिडकीच्या फटीतून धुराचा वास आत आला आणि वहिनींनी डोळे उघडले.

“तीच का गल्ली?”

“तीच.”

बस थांबली नाही. वहिनी आसनावर उलट्या वळल्या, गल्ली दिसेनाशी होईपर्यंत काचेतून बघत राहिल्या. मग सरळ बसल्या, पदर नीट केला आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

“हं,” त्या म्हणाल्या. “मग दुसऱ्या रोटीला?”